एकही गोल व्हायच्या आधी

त्याने आम्हा सात बायकांच्या मोदकांना नंबर दिले आणि माझ्या मोदकांपुढे सातव्या नंबरची चिठ्ठी ठेवली. गणपतीची आरती नुकतीच झाली होती. मोदक अजून कोणी चाखलाही नव्हता.

हा आमच्या अमेरिकेतल्या, नोव्हाय गावच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. त्याची मुलगी कॉलेजच्या टीममध्ये सॉकर खेळते, म्हणजे राखीव म्हणून बाकावर बसते. सीझनच्या आधीच सगळ्या कॉलेजांच्या कोच लोकांनी मतं देऊन तिच्या टीमला पहिला नंबर दिला. तेव्हापासून तो नंबर कसा बरोबर आहे यावर हा जिन्यात माणसं अडवून वाद घालतो. करंगळीपासून बोटं मोजतो आणि दर वाक्याला 'लॉजिकली' म्हणतो.

"एक गोल झाला नाही, मग नंबर कसला?" मी विचारलं.

"लॉजिकली मावशी, गेल्या वर्षीचा खेळ बघून देतात. तुमचे गेल्या वर्षी तीन फुटले होते."

"दोन."

"तीन."

त्याच्या बायकोला त्याने पहिला नंबर दिला होता, तरी तिनेच त्याच्या हातात ताट दिलं. "बस. आता सीझन खेळ."

प्रत्येकीचे तीन, असे एकवीस मोदक त्याने खाल्ले. शेवटचा माझा. तो गिळून त्याने माझी चिठ्ठी उचलली, विचार केला आणि परत तिथेच ठेवली.

एकवीस मोदक आणि सात बायका, एवढ्यातून तो वाचला.