न सांगता उघडलेली बॅग

दत्तोबांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. बावीस वर्षं त्यांनी चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर कामगारांचे डबे उघडून पाहिले होते. तो कारखाना उभा होता त्यांच्याच शेतात. जमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळाली. शिकलेली पोरं मशीनवर गेली आणि सातवी नापास दत्तोबांच्या अंगावर खाकी चढली. जिथे त्यांच्या आईने तूर लावली होती तिथे आता वजनकाटा होता. त्यामुळे आतून एखादं बेअरिंग बाहेर गेलं तरी त्यांना आपल्याच खळ्यावरून कुणी पोतं उचलल्यासारखं वाटे. खुद्द मालकाच्या जिवाला एवढं लागत नसेल.

डबे बघायचा त्यांचा एक नियम होता. जो कुरकुर करत डबा उघडतो त्याला जाऊ द्यायचं. जो न सांगता, हसत हसत, झाकण काढून पुढे धरतो त्याचा डबा मात्र तळापर्यंत बघायचा. हा नियम त्यांना एका फिटरने शिकवला होता. तो रोज स्वतःहून डबा उघडी, वरची भाकरी दाखवी, घरची खुशाली विचारी. पंधराव्या दिवशी दत्तोबांनी भाकरी उचलली, तर खाली तांब्याच्या तारेचं वेटोळं. तेव्हापासून आपणहून उघडलेल्या कुठल्याही गोष्टीकडे ते डोळे बारीक करूनच बघत.

निवृत्त झाल्यावर गावच्या जयभैरव फुटबॉल क्लबच्या सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे आली. फुटबॉल त्यांना कळत नव्हता. बावीस जण एकाच चेंडूमागे का पळतात, प्रत्येकाला एकेक का घेऊन देत नाहीत, असं ते बायकोला, शालनबाईंना, म्हणत. पण सकाळी दिलेले चौदा चेंडू संध्याकाळी चौदाच परत येतात की नाही, हे त्यांच्याइतकं कुणी बघितलं नसतं. या किल्लीमुळेच त्यांना क्लबच्या कमिटीत खुर्ची होती.

यंदा दिवाळीनंतर क्लबला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने पाठबळ दिलं आणि सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. अध्यक्ष सोपानराव, म्हणजे जमिनी विकून आता कंपन्यांना कामगार पुरवणारे बडे आसामी, म्हणाले की पुढच्या मोसमात पुण्याच्या लीगमध्ये वरच्या गटात जायचंच. प्रशिक्षक युसुफ, ज्याचं चाकण चौकापुढे गॅरेज होतं आणि लहानपण दापोडीत रुळांशेजारी फुटबॉल खेळण्यात गेलं होतं, त्याने तिथूनच एक स्ट्रायकर आणला. शेखर नाव. अठ्ठावीस वर्षांचा, सडसडीत, बोलायला कमी. पहिल्याच सराव सामन्यात त्याने चार गोल केले. सोपानरावांनी तिथल्या तिथे ठरवलं: तीन वर्षांचा करार, महिना पंचेचाळीस हजार आणि राहायला खोली. बाकीच्या पोरांना सामन्यामागे पाचशे रुपये, दोन अंडी आणि एक केळं मिळत होतं, म्हणजे आकडा ऐकून गावाने तोंडात बोटं का घातली ते सांगायला नको.

करारावर बोलायला कमिटी पहिल्यांदा बसली, तेव्हा शेखरने कुणी काही विचारायच्या आत खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. कोर्टाच्या निकालाची प्रत होती. भंगाराच्या ठेक्यावरून कंपन्यांना धमकावणाऱ्या टोळीत तो होता. एका ट्रक ड्रायव्हरला मारहाण केली, त्याचा हात मोडला, साडेतीन वर्षं येरवड्याला काढली. हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, एवढंच तो म्हणाला.

कमिटीतला सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचा पिंटू, सोपानरावांचा पुतण्या, तो तर या दिलदारपणावर फिदाच झाला. दत्तोबांनी मात्र कागद ओढून घेतला. न सांगता उघडलेला डबा. त्यांनी तो तळापर्यंत वाचला. तळाशी गुन्ह्याची तारीख होती आणि जागा होती. ती वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातलाच नाही.

जागा त्यांच्याच गेटसमोरची होती.

नऊ वर्षांपूर्वी, दुपारी सव्वातीनला, भंगार भरलेला ट्रक गेटबाहेर पडला आणि रस्त्यातच चौघांनी अडवला. तोंडाला रुमाल होते, एकाच्या हातात लोखंडी गज. दत्तोबांनी पत्र्याचं मोठं गेट लोटून कडी घातली आणि टीचभर खिडकीतून पाहत राहिले. गज दोनदा खाली आला. मग तिघं मोटारसायकलींवरून पळाले. गजवाला तिथेच राहिला. पोरगाच होता. त्याने गेटवर थापा मारल्या. काका, पाणी द्या, गाडी बोलवा, हा मरेल, असं तो ओरडत होता. दत्तोबा आतून म्हणाले, “पुढं जा. हितं काय न्हाई.” आणि खिडकी लावून घेतली. पोलीस आले तेव्हा तो पोरगा ड्रायव्हरचं डोकं मांडीवर घेऊन तिथेच बसलेला होता, म्हणून चौघांतला तो एकटा सापडला. पोलिसांना दत्तोबांनी सांगितलं की आरडाओरडा ऐकताच त्यांनी गेट लावलं, बाहेरचं काही पाहिलं नाही. कारखान्याने त्यांना प्रसंगावधान राखून गेट बंद केल्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते घरात फ्रेम करून लावलेलं होतं आणि शालनबाई दर शनिवारी त्याच्यावरची धूळ पुसत. सारं गाव ते पाहून गेलं होतं.

आता हा माणूस चाकणमधल्या सगळ्या मैदानांतून नेमका याच मैदानावर का आला? दत्तोबांना त्या रात्री भाकरी गोड लागली नाही. त्यांना एकच उत्तर दिसत होतं. खिडकीतून त्याने आपल्याला पाहिलं होतं आणि आता तो उट्टं काढायला आला होता.

म्हणून ते करारावर अडून बसले. दोन महिने कमिटी दर रविवारी भरे आणि दर रविवारी दत्तोबा नाही म्हणत. एकमताशिवाय कंपनी कागद पुढे घेत नव्हती. पिंटू चिडे, शिक्षा भोगलेल्या माणसाला किती वेळा शिक्षा करायची म्हणून भाषण ठोके. सोपानराव समजावत. दत्तोबांचं एकच पालुपद, “मला खातरी व्हऊ द्या.”

खात्री करून घ्यायला त्यांनी कसूर ठेवली नाही. एकदा सामानाची खोली मुद्दाम उघडी टाकली, आत नव्या बुटांचे सहा जोड, आणि स्वतः पाण्याच्या टाकीआड जाऊन बसले. शेखर आला, दार उघडं पाहिलं, बाहेरून ओढून घेतलं आणि निघून गेला. काहीच गेलं नाही. दत्तोबांचा संशय उलट वाढला; बुटांवर भागत नाही म्हणजे डोळा मोठ्या घबाडावर असणार. मग ते भाच्याच्या स्कूटरवर शेखरच्या बसमागे दापोडीपर्यंत गेले. तो रेल्वे फाटकाजवळ उतरला, आईसाठी गोळ्या घेतल्या, गल्लीत शिरला. कुणाच्या टपरीवर उभा राहिला नाही. मोटारसायकलवरचं एक टोळकं त्याला हाका मारत होतं, तिकडे त्याने मान वळवली नाही. शेखर कुणाशी बोलतो, कधी जेवतो, कोणत्या पायाला जुनी दुखापत आहे, रागावला की बुटाची नाडी सोडून पुन्हा का बांधतो, हे सगळं दोन महिन्यांत दत्तोबांना पाठ झालं. त्याचं कौतुक करणाऱ्यांपैकी एकालाही त्याच्या आईचं नाव माहीत नव्हतं. दत्तोबांना माहीत होतं. रुक्मिणीबाई.

एक गोष्ट मात्र त्यांना रोज टोचत होती. सराव संपला की शेखर त्यांच्यासमोर थांबे, बॅगेची चेन उघडे, बॅग पुढे धरी आणि मगच जाई. इतर कुणी असं करत नसे, कुणी सांगितलंही नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी दत्तोबांना राहवलं नाही. बाकीची पोरं गेली होती. त्यांनी विचारलं, मी मागितली का तुझी बॅग?

“सवय आहे, काका,” शेखर म्हणाला. “तिकडे रोज दोनदा झडती. आधीच उघडून धरली की कमी ओरडा बसतो. आता हात आपोआप जातो.”

दत्तोबा त्याच्या हातांकडे पाहत राहिले. बावीस वर्षं आपण ज्यांचे डबे तळापर्यंत उपसले, त्यांतले किती जण नुसते घाबरलेले असतील, हा विचार त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिवला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. त्या रागातच त्यांनी पुढचं विचारून टाकलं.

“मला वळखतोस का तू?”

शेखरने चेन लावली. “तोंड नव्हतं दिसलं. पहिल्या दिवशी तुम्ही इथे कुणाला तरी ‘पुढं जा’ म्हणालात, तेव्हा आवाज ओळखला.”

“मंग दोन महिने गप का?”

“काय बोलणार? गज माझ्याच हातात होता.”

एवढं बोलून तो बसस्टॉपकडे गेला. दत्तोबांनी चेंडू मोजले. तेरा भरले. पुन्हा मोजले तर पंधरा. मग न मोजताच त्यांनी कुलूप लावलं.

पुढच्या रविवारी ते कमिटीत गप्प बसले. त्यांचा नकार नाही हे पाहून पिंटूने टाळी वाजवली. कंपनीतर्फे आलेल्या प्राजक्ता मॅडमनी फाईल उघडली आणि म्हणाल्या की आता शेवटचंच पान राहिलंय. खेळाडूवर आधी गुन्हा असेल तर गावातला, स्वतःच्या नावावर सातबारा असलेला एक हमीदार लागतो. त्याने पुन्हा काही केलं तर पोलीस आधी या माणसाच्या दारात येतील. क्लबचा पगार घेणारा चालत नाही, म्हणजे युसुफ बाद.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. सोपानरावांना एकदम आठवलं की त्यांच्या मेहुण्याची जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर आहे, असल्या वेळी नाव कागदावर नको. पिंटू म्हणाला की त्याची ना नाही, पण सातबारा अजून वडिलांच्या नावावर आहे. मागच्या खुर्चीवरच्या दोघांना फोन आले, न वाजताच. शेखर दाराजवळ उभा होता. त्याने वाकून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

दत्तोबांनी फाईल आपल्याकडे ओढली. मॅडमकडे पेन मागितलं. पिंटूला वाटलं म्हातारा आता काहीतरी खोडा घालणार. दत्तोबांनी नाव लिहिलं, उरलेल्या साडेतीन गुंठ्यांचा गट नंबर लिहिला आणि पुढच्या रकान्यापाशी थांबले. हमीदार या व्यक्तीला कधीपासून व कसा ओळखतो, असं तिथे छापलेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, “काका, नुसतं ‘परिचित’ लिहिलंत तरी चालेल.”

दत्तोबांनी नऊ वर्षे असं लिहिलं. सोपानराव पुढे झुकले. नऊ वर्षं कशी, तो तर दिवाळीनंतर आलाय, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात लगेच एक धार आली. दत्तोबांना ती धार ओळखीची होती.

“त्यानं ड्रायव्हरला मारलं ते म्या बघितलंय,” ते म्हणाले. “बाकीचे पळाले, त्यो ऱ्हायला. माज्या गेटवर पाणी मागत व्हता. म्या कडी घातली. पोलिसाला म्हणलो, बघितलं न्हाई.”

पिंटू हळूच म्हणाला, “पण तुम्हाला तर त्याचं प्रशस्तिपत्र...” आणि वाक्य अर्धंच सोडलं. सगळे दत्तोबांकडे डोळे बारीक करून पाहत होते. हे त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. न सांगता डबा उघडणाऱ्याकडे कसं बघायचं, हे गाव त्यांच्याकडूनच शिकलं होतं.

करार त्याच आठवड्यात झाला, कारण सही पक्की होती आणि गोल हवे होते. पण त्या रविवारी उठण्यापूर्वी सोपानरावांनी घसा खाकरून सांगितलं की सामानाच्या खोलीचं पुढे पिंटू बघेल. वयोमानाने दत्तोबांना आता त्रास नको. दत्तोबांनी किल्ली करगोट्यातून सोडून टेबलावर ठेवली. सहा वर्षांत ती पहिल्यांदाच त्यांच्यापासून लांब गेली होती. फार लागलं त्यांना. घरी जाऊन प्रशस्तिपत्राची फ्रेम भिंतीवरून काढायची आणि शालनबाईंना कारण सांगायचं, हे काम तर अजून पुढेच होतं.

बाहेर शेखर उभा होता. त्यांना पाहिल्यावर त्याचा हात चेनकडे गेला आणि बॅग उघडी होऊन पुढे आली.

“किल्ली न्हाई आता माज्याकडं,” दत्तोबा म्हणाले. “मला नगं दावू.”

शेखरने बॅग तशीच धरून ठेवली. दत्तोबांनी मग वाकून नीट पाहिलं, जुन्या सवयीने, तळापर्यंत. बूट होते, ओले मोजे होते, आईच्या गोळ्यांची पट्टी होती आणि पाण्याची रिकामी बाटली. त्यांनी बाटली उचलली, नळावर जाऊन काठोकाठ भरली आणि पुन्हा बॅगेत ठेवली.

“उद्या येळेवर ये,” ते म्हणाले. “माझी सही हाय तिथं.”