बाळाबाईचा म्हातारा

कोकणातली पोर घाटावर दिली की माहेर आपलं पायाखालीच राहतं, असं बाळाबाईच्या बापाला वाटलं असावं. वेल्ह्याला एसटी संपते. तिथून दिवसभर चाललं की रखमाजीची वाडी लागते, आणि वाडीपुढं जमीनच संपते. खाली कोकण. मधे, कड्यापासून सुटा, एक काळा सुळका. घाटावरून तो मान खाली घातलेल्या नवरीसारखा दिसतो, म्हणून वाडी त्याला नवरी म्हणते. बाळाबाईचं माहेर बरोबर त्याच्या पाठीशी. तिकडून तोच सुळका कमरेत वाकलेला दिसतो, म्हणून तिकडं तो म्हातारा. लग्न होऊन घळीच्या वाटेनं वर चढून आली त्याच दिवशी बाळाबाईनं नवऱ्याला या नावावरून टोकलं. ते भांडण पुढं चाळीस वर्षं चाललं. रखमाजी हट्टी, आणि ही त्याच्या वरताण.

माहेर एवढं जवळ, पण सुळका आड असल्यानं कड्यावरून ते कधी दिसलं नाही. भाऊबीजेला ती घळ उतरायची, नाहीतर तिचा भाऊ गेनू वर यायचा. मग तिचे गुडघे गेले, आणि गेनू झाडावरून पडून पायानं अधू झाला. तीन दिवाळ्या ओवाळणीविना गेल्या. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई त्या दिवशी गप्प बसायची. ते गप्प बसणं रखमाजीला सोसत नसे.

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीत पुण्याची चार पोरं दोर आणि खिळे घेऊन आली. गुराखी सुळक्याच्या निम्म्यापर्यंत, कातळातल्या पाण्याच्या टाक्यापर्यंत जात. त्याच्या वर कुणी गेल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं. आदल्या वर्षी याच पोरांना आग्यामोहोळानं टाक्यापासून पिटाळलं होतं.

माथ्यावरून दोन्हीकडलं दिसतं का, बाळाबाईनं विचारलं. दिसणारच, पोरं म्हणाली. तिनं विंझरच्या दुकानातून घेतलेलं, जेमतेम एकदा नेसलेलं तांबडं लुगडं माथ्यावर फडकवायला त्यांच्या हातात दिलं. कोकणात मीठ आणायला निघालेल्या भिमाजवळ गेनूला निरोप धाडला: भाऊबीजेला म्हाताऱ्याच्या डोक्यावर लुगडं दिसलं, तर ओला पाला जाळून धूर कर.

भाऊबीजेला ती ताट घेऊन कड्यावर बसली. उन्हं कलली तरी पोरं टाक्यापाशीच. निरांजन विझायला लागलं तसं तिचं अवसान गळालं. ही खुळी, असं सकाळपासून म्हणणारा रखमाजी निरांजनाला आडोसा म्हणून वाऱ्याला पाठ देऊन तिच्या शेजारी बसला.

मग माथ्यावर तांबडं काहीतरी फडकलं. बराच वेळ नुसतंच फडकत राहिलं. शेवटी तिकडून हाक आली, "मावशी, खाली धूर निघालाय."

बाळाबाई नवऱ्याच्या खांद्याला धरून उठली आणि तिनं सुळक्याला ओवाळलं. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ती थांबली नाही. एवढा आनंद तिला आपल्या लग्नातही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पोरं उतरून आली. सुळक्याचं नाव काय लिहायचं, त्यांनी रखमाजीला विचारलं. बाळाबाई भांडायच्या तयारीनं चुलीपासून उठली.

"म्हातारा लिवा," रखमाजी म्हणाला. "माज्या मेव्हण्याची भाऊबीज त्यानं केली."

बाळाबाई पुन्हा चुलीपाशी बसली. भांडायला काही उरलंच नव्हतं.