गादीवाले चाचा आणि म्हशीएवढी गार

धाडजवळच्या आमच्या शाळेवर भरदुपारी गारपीट झाली, तेव्हा कार्यालयाच्या खोलीत पळून मी आतून कडी लावली होती. पोरं बाहेर पत्र्याच्या पडवीत होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आज लिहितोय ते आमच्या गादीवाल्या चाचांमुळे.

गाद्या पिंजणारा इतका आगाऊ माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. गादी उसवण्याआधी नुसती दाबून ते घरातलं भांडण सांगत. "भाभी, इथं एकच माणूस झोपते. दुसरा ओट्यावर काऊन?" की भाभी आत पळालीच. गावात बीटी कापूस आल्यापासून तर त्यांना नवीच तक्रार सापडली होती: या कापसाच्या गादीवर स्वप्नं पडत नाहीत. कुणी म्हणालं, "चाचा, मले त रोज पडतात," तर उशी चाचपून ते निकाल देत, "उशी जुनी हाये तुही."

गारपिटीत गावच्या गाद्या भिजल्या, म्हणून चाचांनी शाळेच्या पडवीतच ठाण मांडलं. पोरांची तेव्हा अशी गत, की माझी लोखंडी खुर्ची सरकली तरी निम्मा वर्ग बाकांखाली. कापूस पिंजायच्या धनुष्याचा पहिला टणत्कार निघाला आणि सगळी पळाली. चाचांनी धनुष्याच्या तारेवर मारायचा लाकडी ठोकळा खाली ठेवला. "गार केवढी होती बे?" बाकांखालून उत्तरं आली. बोराएवढी, कवठाएवढी, वाढता वाढता एकानं ती म्हशीएवढी केली. "मंग दूध कोनं काढलं?" पंधरा दिवसांत शाळा पहिल्यांदा हसली.

मग चाचांनी कायदाच केला. ठोकळा पोरांनी मारायचा, चाचांनी नुसता कापूस सरकवायचा, आणि पोरं 'थांब' म्हणाली की थांबायचं. मोठ्या माणसाला हुकूम सोडायला मिळतो म्हटल्यावर रांग लागली. एकेक गादी चार-चार दिवस चालली. बाया भांडायला आल्या की चाचा रांगेकडे बोट दाखवत. "मले काय म्हनता? साहेब लोक तिकडं बसले."

तिसरीतली एक मुलगी मात्र गारपिटीपासून बोललीच नव्हती. एका सकाळी ती पुढे आली आणि तिनं असं बडवलं, की कापूस सगळ्यांच्या भुवयांवर बसला. मग थांबून म्हणाली, "म्या दार ठोकलं. गुरुजीनं उघडलंच नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "वाऱ्यानं कडी अडकली होती."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, पण बोलले तिच्याशीच. "वाजव माय. कापसात अजून गोळे हायेत."

त्या दिवसापासून ती बोलायला लागली, आणि इतकी, की शेवटी मलाच छडी आपटावी लागे. सामान जीपमध्ये चढवताना चाचा मला हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमची बी गादी आना कधी. लय गोळे झाले असतीन." मी नेली नाही.

चाचा यंदा गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तर ती मुलगी आलेली, वडनेर भोलजीहून, कडेवर लेकरू घेऊन. बायांना मोठ्या कौतुकानं सांगत होती, "हेच आमचे गुरुजी. गारा पडल्या तवा आतून कडी ओढून ओढून थकले म्हने बिचारे, निघालीच नाही."

मी चहा पिऊन परत आलो. कडी मी लावली होती, हे तिला समोर बसून सांगणं अजून बाकी आहे.