गाऊन विचारलेला प्रश्न

दुआ मागायची आहे आणि शब्दच नाहीत, अशी वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि पाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. समोरचा काय बोलतो ते सगळं कळायचं. काय उत्तर द्यायचं तेही मनात तयार असायचं. तोंड उघडलं की मात्र 'त... त...' असा एकच आवाज बाहेर पडायचा. हातात पेन दिलं तर अक्षरंही जुळेनात. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शब्दांची जागा दुखावली आहे. पाणी हवं असलं तरी मला बोट दाखवावं लागे, आणि बोट पाण्याकडे असतानाही माझी बायको जुबेदा विचारायची, "खिडकी लावू?" मग माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि तिच्याही.

मी बोलण्यावर जगणारा माणूस. नंदुरबारला राहतो आणि आठवडी बाजारांत तयार कपडे विकतो. खांडबाऱ्याच्या बाजारात माझी जागा ठरलेली आहे. गिऱ्हाईक बघून कधी अहिराणी, कधी गुजराती, कधी इथल्या आदिवासींची कोकणी मोडकीतोडकी बोलायचं आणि आरोळ्या देऊन माणूस थांबवायचा, हा माझा धंदा. शेजारी लसूण विकणारे दगाजी दवाखान्यात भेटायला आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुन्ही आरोळी नही तं बजार मुका लागस, भो." मी हसलो. हसणं तेवढं जमत होतं.

तरुणपणी मला गाण्यांची फार आवड होती. पुढे नमाजात मन रमलं, चांगल्या माणसांची सोबत मिळाली, आणि वाद्यांचं गाणं ऐकणं योग्य नाही असं त्यांच्याकडून ऐकून मी ते सोडलं. सोडताना कोणी जबरदस्ती केली नव्हती आणि मला त्याचं दुःखही नव्हतं. आमच्या घरात गाणं लागत नसे, एवढंच. मुलगी शबनम कानात काहीतरी घालून ऐकते हे मला ठाऊक होतं, पण मी तिला काही म्हटलं नाही. आपापला हिशेब आपल्या रबापाशी, असं मी मानत आलो. दवाखान्यात पडल्यापडल्या मात्र मन दुबळं झालं होतं. ज्या जिभेने इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं, तीच त्याने काढून घेतली, म्हणजे तो माझ्यावर नाराज आहे का? हा प्रश्न मी कुणालाही विचारू शकत नव्हतो. त्यालासुद्धा.

माझ्या शेजारच्या खाटेवर नवापूरकडच्या डोंगरातले एक म्हातारे आदिवासी बाबा होते. त्यांची मुलगी त्यांच्याजवळ असायची. चाळिशीची असेल, गळ्यात छोटासा क्रूस, पायांत चप्पल नाही. त्या दोघांना खरं तर आदल्या दिवशीच घरी सोडलं होतं, पण न्यायला येणारी गाडी घाटात बिघडली म्हणून मुक्काम वाढला होता. त्या सकाळी ती बापाचे पाय चोळत बसली आणि आपल्या बोलीत काहीतरी गुणगुणू लागली. देवाचं भजन असावं. शब्द मला कळत नव्हते, पण चाल झोळी हलवल्यासारखी होती, पुढे जाणारी आणि परत येणारी. मी डोळे मिटून पडलो होतो. ती मध्येच थांबली आणि जुबेदाला म्हणाली, "काकी, तुझा माणूस माझ्यासंगे गातो. तू ऐक."

जुबेदाला वाटलं, ती काहीतरीच बोलते आहे. खरं सांगायचं तर मलाही पत्ता नव्हता. त्या बाईने परत गायला सुरुवात केली, आणि माझ्या गळ्यातून तिच्या चालीबरोबर हुंकार निघत होता, स्वच्छ, न अडखळता. त्या हुंकारातून मी कधी वेगळ्या चालीवर घसरलो ते कळलं नाही. माझी अम्मी शहाद्याकडच्या खेड्यात वाढलेली. आम्हा भावंडांना ती अहिराणीतच निजवायची, स्वतःच जुळवलेल्या ओळी गाऊन. कित्येक वर्षांत ती चाल मनातही आली नव्हती. आता ती माझ्या तोंडात आली, आणि येताना शब्द घेऊन आली: "नीज मन्हा राजा, वारा उना गावमा."

जुबेदाच्या हातातली वाटी खाली पडली. "शबनमचे अब्बा, परत म्हणा," ती म्हणाली. मी साधं बोलायला गेलो तर पुन्हा तेच 'त... त...'. त्या बाईने मान हलवली. "बोलू नको, बाबा. गा." मी गायलो, आणि वारा आला, गाव आलं, राजा आला. म्हातारे बाबा खाटेवर उठून बसले आणि हसू लागले. वॉर्डातल्या नर्सबाई धावत आल्या. दुपारी बाबांची गाडी आली आणि ती बाई त्यांना घेऊन निघून गेली. गडबडीत तिचं नाव विचारायचं राहिलं. जाताना तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, लहान मुलाच्या ठेवतात तसा. ती एक दिवस आधी गेली असती तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही. ती होती, एवढं मला पुरेसं आहे.

वाचेवर उपचार करणाऱ्या मॅडमना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. म्हणाल्या, काही माणसांचे शब्द हरवतात पण सूर शाबूत राहतात. सुराचा हात धरून शब्दांना परत आणता येतं. त्यांनी शबनमला शिकवलं: अब्बांच्या डाव्या हातावर ताल द्यायचा, छोटं वाक्य चालीवर म्हणायचं, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं, आणि मग चाल थोडी थोडी कमी करत न्यायची. शिवाय तरुणपणी आवडायची ती गाणी रोज ऐकवा, असंही सांगितलं. घरी आल्यावर शबनमने मोबाइलवर एक जुनं गाणं लावलं. सुरुवातीची सतार वाजली आणि माझं काळीज हललं. मी हात वर करून तिला थांबवलं. तिला वाटलं, आवाज मोठा झाला.

आवाजाचा प्रश्नच नव्हता. मी ज्या दाराला मनाने कडी घातली होती, ते आता स्वतःच्या फायद्यासाठी उघडायचं का, हे मला समजत नव्हतं. बोलणं परत मिळेल, पण ते जायज, धर्माला मंजूर असलेल्या वाटेने मिळालेलं असेल का? आणि नाही म्हटलं तर, समोर आलेली अल्लाहची रहमत मी हाताने परत ढकलतो आहे का? जुबेदा आणि शबनमला वाटायचं, मला कंटाळा येतो. मी हातावरचा ताल चालू दिला, "पानी दो", "चाय लाव" हे अम्मीच्या चालीवर म्हणू लागलो, पण मोबाइल लागला की तोंड फिरवायचो. घरात रुसवे झाले. विचारायचं होतं ते आमच्या मशिदीतल्या हाफिजजींना, आणि विचारायला जीभ नव्हती.

मग एके दिवशी असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर हाफिजजी स्वतःच मला भेटायला आले. वयाने माझ्यापेक्षा लहान, स्वभावाने शांत माणूस. तब्येत विचारली, दुआ केली, चहा घेतला आणि निघायला उठले. मी त्यांचा हात धरला. डोळे मिटले, डाव्या हाताने मांडीवर ताल धरला, आणि अम्मीच्या अंगाईच्या चालीवर, एकेक शब्द ओढत गायलो, "हाफिजजी... गाना... जायज है क्या?"

दाराआड उभी असलेली जुबेदा आधी हसली. मग शबनम. हाफिजजींनी हसू आवरायचा बराच प्रयत्न केला, पण त्यांची दाढी थरथरू लागली आणि मग ते मोकळेपणाने हसले. मीही हसलो. आजारपणानंतर आमच्या घरात असं हसू तेव्हा पहिल्यांदा आलं. हसता हसता हाफिजजींचे डोळे भरले. ते पुन्हा खाली बसले.

"भाईजान," ते म्हणाले, "तुम्ही विचारलंत ते हलकं नाही. यात मोठमोठ्या जाणत्या आलिमांची मतं वेगळी आहेत. बरेच जण वाद्यांना मना करतात. काही जण अटींवर परवानगी देतात. नबींच्या काळात ईदच्या दिवशी मुलींनी दफ वाजवून गायल्याची रिवायतही आहे. चांगले शब्द नुसत्या गळ्यातून गायले तर त्याला हरकत घेणारे फार थोडे. आणि तुम्ही तर आजारी आहात. तरी मी मुफ्ती नाही, निवाडा देणं माझं काम नाही. माझ्या उस्तादांना विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते उन्हातून चालत आले. उस्तादांनी सांगितलं होतं: इलाज करणं हा बंद्याचा हक्क आहे. अम्मीच्या चालीने काम होत असेल तर निःशंक गा. वाद्यांशिवाय भागत असेल तर मनाला खटकणारी गोष्ट कशाला जवळ करायची, आणि उद्या मॅडम म्हणाल्या की त्याशिवाय भागणारच नाही, तर पुन्हा विचारा, गरजेचा विचार वेगळा होतो. मग हाफिजजी स्वतःचं म्हणून बोलले, "अल्लाहने तुमचा आवाज नेला नाही, भाईजान. त्याने तो कुठे ठेवलाय ते तुम्हाला दाखवलं." त्या दिवसापासून असरनंतर ते माझ्याजवळ बसून संथ आवाजात कुरआन पढायचे आणि मी मागोमाग पढायचो. तिलावत म्हणजे गाणं नव्हे, हे मला माहीत आहे. पण तिच्या लयीत 'अल्हम्दु' माझ्या ओठांवर पुरा उमटला, त्या संध्याकाळी मी जमिनीवर डोकं टेकवलं ते बराच वेळ उचललं नाही.

मॅडमना शबनमने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गळ्याने होतंय ना, मग गळ्यानेच करू." आणि आमचं घर गाऊ लागलं. जुबेदा भाजी काय करू हे गाऊन विचारायची आणि मी वांग्याला गाऊन नकार द्यायचो. दगाजी आले, माझं "या, बसा" चालीवर ऐकलं आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, "गाईसन बोल, पन बोल, भो." महिने गेले तशी चाल विरत गेली आणि शब्द उरले. अजून घाईत असलो की अडखळतो. तेव्हा हाताने हळूच ताल धरतो. लोक थांबतात. मी पूर्वी इतक्या जोरात बोलायचो, तेव्हा लोक इतकं नीट ऐकत नव्हते.

या आजाराने गाण्याच्या प्रश्नाचा निकाल लावला असं मी म्हणणार नाही. तो आलिमांचा प्रश्न आहे, आणि शबनमचं मत माझ्याहून वेगळं आहे, तेही मी आनंदाने ऐकतो. मला एवढंच कळलं, की मी जे माझं म्हणून मुठीत धरलं होतं, ते बोलणं कधी माझं नव्हतंच. आणि मूठ सुटली तेव्हा हात रिकामा राहिला नाही. कुठल्या डोंगरातली एक अनवाणी बाई आणि मशिदीतले हाफिजजी, दोघांनी त्यात थोडं थोडं ठेवलं. देणारा एकच होता.

यंदा ईदला सकाळी आम्ही ईदगाहकडे निघालो. रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरला होता, नव्या अत्तराचा वास होता, आणि पुढून 'अल्लाहु अकबर'ची तकबीर सुरू झाली. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जात ती आमच्यापर्यंत आली. घरून निघताना मी ठरवलं होतं, मनातल्या मनात म्हणायची, उगाच अडखळायला नको. पण ती लाट आली आणि मीही म्हणू लागलो. चार पावलं गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपला आवाज नीट येतोय का हे मी तपासतच नाही आहे. तो सगळ्यांच्या आवाजात होता. कुठून येत होता आणि कुठे जात होता, ते मी पाहिलं नाही. मी फक्त चालत राहिलो.