साखऱ्याच्या गुरुजींची पत्रं

विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फोन आला तेव्हा मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला चावी देत होतो. फोनवरची बाई आवाजावरून तरुण वाटली. म्हणाली, "सर, जुन्या अधिकाऱ्यांचे खाजगी कागद आम्ही जमा करतोय. डायऱ्या, पत्रव्यवहार, टिपणं. तुम्ही परीक्षा विभागात इतकी वर्षं होता. तुमच्याकडं काही असेलच ना?"

"आहे," मी म्हणालो. "पण निम्मं घड्याळांबद्दल आहे."

"चालेल सर. फक्त यादी करून द्या."

निवृत्त होऊन हिंगोलीत आलो त्याला बारा वर्षं झाली. बायको गेली त्याला चार. मुलगा पुण्याला असतो, रविवारी फोन करतो. तो विचारतो जेवलात का, मी विचारतो तिकडं पाऊस आहे का. घरात सतरा घड्याळं आहेत, त्यातली अकरा चालतात. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसावं असं काही काम बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. त्यामुळे यादीचं ऐकून मला बरं वाटलं.

कागद तीन पत्र्याच्या पेट्यांत होते. पहिलीत कार्यालयाचे: बैठकांची टिपणं, परिपत्रकं, माझ्या सहीचे मसुदे. दुसरीत घड्याळांच्या वह्या. प्रत्येक घड्याळाला एक पान, कुठं मिळालं, काय बिघडलं होतं, आठवड्याला किती पुढं किंवा मागं जातं. तिसऱ्या पेटीत पत्रं. तिथं सुतळीनं बांधलेला पोस्टकार्डांचा एक जाडसर गठ्ठा होता. तो साखऱ्याच्या गुरुजींचा.

गुरुजींना मी आयुष्यात एकदाच भेटलो. ते सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि बाहेरून बी.ए. करत होते. गुणपत्रकाची दुसरी प्रत न्यायला विद्यापीठात आले होते. जेवणाची सुट्टी होती. मी कार्यालयातलं लंबकाचं घड्याळ उघडून उभा होतो, कारण ते दर दोन दिवसांनी बंद पडायचं. खिडकीपाशी उभा असलेला एक बारका माणूस म्हणाला, "साहेब, राग नका मानू. मशीन चांगलं हाय. घड्याळ वाकडं टांगलंय."

"कशावरून?"

"आवाज ऐका न. टिक अन् टॉकमधलं अंतर बराबर न्हाई. लंगडं माणूस चालल्यासारखं चालून राहिलं."

मी ऐकलं. खरंच लंगडत होतं. त्यांनी घड्याळाचा खालचा कोपरा बोटभर डावीकडं सरकवला, पुन्हा कान लावला, मग मान हलवली. त्यानंतर ते घड्याळ मी निवृत्त होईपर्यंत बंद पडलं नाही. त्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये दोन चहा प्यायलो आणि घड्याळांबद्दल इतकं बोललो की त्यांची शेवटची बस चुकता चुकता राहिली. जाताना त्यांनी माझा कार्यालयाचा पत्ता लिहून घेतला.

मग पत्रं सुरू झाली, ती अकरा वर्षं चालली. त्यांचं पोस्टकार्ड महिन्याला एक. बारीक, उभं अक्षर, समासातसुद्धा ओळ घुसवलेली. "शाळेचे घड्याळ मागे पडत होते. लंबकाखालचा नट अर्धा फेरा वर घेतला. आता पोरं वेळेवर सुटतात, मास्तरांची तक्रार आहे." "कळमनुरीच्या बाजारात भंगारवाल्याकडे एक तबकडी पाहिली. काटे नाहीत, पण आकडे फार देखणे." मी अंतर्देशीय पत्रावर लांब उत्तर लिहायचो. कार्यालयात माझ्याशी सगळे कामाचं बोलत. घरी बायकोला घड्याळांचा वैताग होता, सगळी वेगवेगळ्या वेळी ठोके देतात म्हणून. त्यामुळे जगात माझ्याशी घड्याळांबद्दल बोलणारा हा एकच माणूस होता. दरवर्षी ते लिहायचे, हळद शिजवायच्या दिवसांत या, गाव बघा. मी लिहायचो, पुढच्या वर्षी नक्की. माझाच जिल्हा, पण गेलो नाही.

यादीसाठी मी कार्डं तारखेप्रमाणे लावत होतो. शेवटाकडं एक अंतर्देशीय पत्र निघालं. त्याच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं माझ्या अक्षरात लिहिलं होतं: उत्तर देऊ नये. खाली सही.

ते पत्र आलं तो काळ मला चांगला आठवतो. विभागात गुण वाढवल्याचं एक प्रकरण निघालं होतं, चौकशी चालू होती. मी आमच्या घराण्यातला पहिला अधिकारी. बौद्ध समाजातला म्हणून माझ्याकडं दोन डोळे जास्त लागलेले असत. चौकशीच्याच दिवसांत एक सहकारी कँटीनमध्ये हसत हसत म्हणाला होता, "तुमच्या लोकांची कामं लवकर होतात बुवा." ते वाक्य घेऊन मी घरी आलो. त्या आठवड्यात गुरुजींचं पत्र आलं. मुलीचा निकाल राखून ठेवला आहे, एवढं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. अकरा वर्षांची दोस्ती या वशिल्यासाठीच होती, असं मला वाटलं. खाली नेहमीसारखं 'सप्रेम जयभीम' होतं, त्याचाही मला त्या दिवशी राग आला. मी शेरा मारला आणि पत्र पेटीत टाकलं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "नीट वाचलंत का?" मी म्हणालो, वाचलं.

आता वाचलं. दोनदा वाचलं. पत्रात असं होतं की मुलीचा निकाल राखून ठेवला आहे, कॉलेजात कुणी नीट सांगत नाही, तरी अर्ज कोणत्या नमुन्यात आणि कुणाच्या नावे करायचा तेवढं कळवावं. "बाकी आमचे आम्ही पाहू. आपणांस कोणतीही तकलीफ देण्याचा हेतू नाही." दोन ओळींचं उत्तर होतं त्याचं. प्राचार्यांमार्फत परीक्षा नियंत्रकांना साधा अर्ज. दिवसातून दहा जणांना मी खिडकीवर हेच सांगायचो.

त्या पत्रानंतरची दोन पोस्टकार्डंही गठ्ठ्यात होती. त्यात मुलीचं अवाक्षर नव्हतं. एकात शाळेच्या घड्याळाची स्प्रिंग तुटल्याचं होतं. दुसऱ्यात एवढंच, की बऱ्याच दिवसांत आपलं पत्र नाही, प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. त्यांनाही मी उत्तर दिलं नव्हतं.

दोन दिवस मी यादीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी गठ्ठा पिशवीत घातला आणि एस.टी.नं सेनगावला, तिथून साखऱ्याला गेलो.

हळद शिजवायचेच दिवस होते. गावात शिरतानाच कढईच्या वाफेचा वास आला. फाट्यावरच्या हॉटेलात एका म्हाताऱ्याला गुरुजींचं घर विचारलं.

"कोणते गुरुजी? घड्याळवाले?"

"व्हय."

"ते वारले न. लई वर्षं झाली. पोरगी हाय त्यांची, अंगणवाडीत. आता घरी आली असंल. समाजमंदिराच्या मागं, निळा दरवाजा."

ती ओसरीत वाळलेली हळद निवडत बसली होती. पंचेचाळिशीची असावी. मी कोण ते सांगितलं, विद्यापीठाचं नाव घेतलं, तशी ती उठून उभी राहिली. पदराला हात पुसले. खुर्ची आणून दिली.

"बाबा लई नाव काढायचे तुमचं," ती म्हणाली. "साहेबांचं पत्र आलं की आमाला वाचून दाखवायचे. आमाला त्यातलं काय कळायचं न्हाई, पण ऐकावं लागायचं."

"तुमच्या निकालाचं पुढं काय झालं?" मी विचारलं. एवढंच विचारायला मी आलो होतो.

"लागला न निकाल, पुढच्या साली. कॉलेजनं तोंडी परीक्षेचे गुणच धाडले नव्हते म्हणे. तवर बी.एड.चे अर्ज संपले होते. मग लग्न झालं." तिनं निवडलेली हळद एका बाजूला सारली. "मालक गेल्यावर इकडं परत आले. अंगणवाडीत लागले. बरं हाय तसं."

मी पिशवीतून ते पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं. कोपऱ्यातला लाल शेराही वाचला. मग खाली बसली.

"काहून न्हाई लिवलं तुमी?"

मी सांगितलं. चौकशीचं, कँटीनमधल्या वाक्याचं. नीट न वाचल्याचंही सांगितलं. सांगताना मला माझंच बोलणं कार्यालयाच्या खुलाशासारखं ऐकू येत होतं.

"बाबांना वाटलं, लिवण्यात आपलंच काय चुकलं," ती म्हणाली. "ते पत्र त्यांला पाठ होतं. मला म्हणून दाखवायचे. म्हणायचे, बाई, तू शिकलेली हायस, बघ, यात साहेबांला राग येण्यासारखं काय हाय का. मी म्हणायचे, न्हाई बाबा. तरी आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा इचारायचे."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

"झाली खरी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

तिनं चहा केला. मी पोस्टकार्डांचा गठ्ठा तिच्यासमोर ठेवला. सुतळी सोडून ती एकेक कार्ड बघायला लागली, आणि बघता बघता तिचा चेहरा बदलला. म्हणाली, "त्यांचं अक्षर आमच्याकडं कुठंच न्हाई. वह्या वाळवीनं खाल्ल्या. जे लिवलं ते सगळं तुमच्याकडंच धाडलं त्यांनी." समासातली ओळ वाचायला ती कार्ड आडवं धरायची. एका कार्डाला हसलीही. कोणत्या, ते मी विचारलं नाही.

"हे तुम्ही ठेवा," मी म्हणालो. "विद्यापीठ माझे कागद मागतंय, पण हे तुमचे आहेत."

तिनं कार्डं ठेवून घेतली. लाल शेऱ्याचं पत्र मात्र घडी घालून परत दिलं.

"हे विद्यापीठाला द्या," ती म्हणाली. "तिथंच धाडलं होतं न बाबांनी."

परतीच्या बसला वेळ होता, पण आणखी बसायचं काही कारण उरलं नव्हतं. ती फाट्यापर्यंत सोडायला आली नाही. दारातून जयभीम म्हणाली, मीही म्हणालो.

पुढच्या आठवड्यात यादी पूर्ण केली आणि पेट्या गाडीत घालून विद्यापीठात नेल्या. फोनवरची ती ग्रंथपाल खरंच तरुण निघाली. माझ्यासमोरच तिनं एकेक वस्तू यादीशी ताडून पाहिली. घड्याळांच्या वह्या उलटसुलट करून म्हणाली, "सर, इतकं बारीक लिहायला वेळ कसा मिळायचा?" मग ते पत्र तिच्या हातात आलं.

"हे कशात लावू सर? घड्याळांच्या पत्रांत?"

"नाही. परीक्षा विभागात."

"आणि हा लाल शेरा कुणाचा आहे? इथं अक्षर कुणाचं ते लिहावं लागतं."

"माझा," मी म्हणालो.

तिनं तसं लिहिलं. पोचपावतीवर शिक्का मारून दिला. मी खाली आलो, जुन्या विभागावरून गेलो. खिडकीवर रांग होती. आतलं कुणीही ओळखीचं नव्हतं. शिपायानं विचारलं, "कुणाला भेटायचंय काका?" मी म्हणालो, कुणाला नाही.

हिंगोलीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सकाळचा भात होता, तो फोडणीला टाकून जेवलो. साखऱ्याला मी माझा फोन नंबर लिहून ठेवून आलो होतो. अजून फोन आलेला नाही. करीन असं तिनं म्हटलंही नव्हतं.