सोमवारच्या आधीचा ‘दॅट’

कारखान्याच्या इंग्रजी कागदांवर शेवटचा हात फिरवायच्या त्या बाई. ऑफिसात सगळे त्यांना कात्रीबाई म्हणत आणि मनातून त्यांना ते आवडे. वाक्यात ‘दॅट’ दिसला रे दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. लाल रेघ मारल्याशिवाय चैन पडत नसे.

“आपण ‘मला वाटतं तो येईल’ म्हणतो ना?” त्या टंकलेखिकांना ऐकवायच्या. “मध्ये ‘की’ नसला म्हणून कुणाचं अडतं? तसाच हा दॅट. उगाच लुडबुड करतो.”

बहुतेक वेळा खरंच कुणाचं अडत नसे.

एका शुक्रवारी मालाची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावरून खाली आदळली. आत भांडारपाल होता, त्याचा पाय मोडला. पुढच्या सोमवारी चौकशी बसली. लिफ्ट चालवणारे मामा तिथे म्हणाले, “दोर करकरतोय हे मी त्या सोमवारीच दुरुस्ती खात्याला सांगितलं होतं.” म्हणजे अपघाताच्या चार दिवस आधी. दुभाष्याने इंग्रजीत नीट लिहिलं: लिफ्टमन सेड दॅट ऑन मंडे ही हॅड रिपोर्टेड द नॉइज. यात सोमवार तक्रारीचाच. बाईंनी सवयीने दॅट उडवला.

आता वाक्य झालं: लिफ्टमन सेड ऑन मंडे ही हॅड रिपोर्टेड द नॉइज. परगावच्या मुख्य ऑफिसने ते जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. चौकशी सोमवारी, म्हणजे मामा जे बोलले ते सोमवारी बोलले. पण तक्रार केली कधी? त्याचा पत्ताच नाही. दुरुस्ती खात्याने तर सरळ कानांवर हात ठेवले. मामा निलंबित झाले.

‘सूचना कोणत्या दिवशी दिली हे जबानीत नाही,’ असं पत्र आलं, तेव्हा बाईंनी मूळ कागद काढला. लाल रेघ समोरच होती. इकडेतिकडे बघून त्यांनी फाइल मिटली आणि ढिगाच्या तळाशी सारली.

आठ दिवस त्या गप्प राहिल्या. नवव्या दिवशी मामा गणवेश जमा करायला आले.

“ताई, मी वार सांगितला होता हो. का माझीच जीभ घसरली? आता मलाच खात्री वाटेना.”

“बघते हं मामा,” एवढंच त्या बोलल्या. मान वर करवली नाही.

घरी थोरल्या बहिणीने पुढ्यातलं ताट तसंच बघून हटकलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं. बहीण म्हणाली, “तो माणूस स्वतःवरच शंका घेत बसलाय आणि तू शब्दांचं कौतुक सांगत फिरतेस? उद्या साहेबांना जाऊन सांग.”

मॅनेजरसाहेब हसले. “एका दॅटने काय होतंय, बाई?” बाईंनी दोन्ही वाक्यं त्यांच्यासमोर एकाखाली एक लिहिली. ते हसायचे थांबले. खुलाशाचं पत्र बाईंनीच लिहिलं. आधी लिहिलं, ‘चूक झाली’. मग ते खोडून लिहिलं, ‘चूक मी केली’.

तीन आठवड्यांनी मामांचं निलंबन उठलं. सांगायला बाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. ऐकून मामा आतल्या खोलीकडे वळून ओरडले, “ऐकलंस का गं? मी वार सांगितला होता! मी नीटच बोललो होतो!” त्यांचा आनंद बघून बाईंना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

मग मामांनी विचारलं, “तुम्हाला कधी कळलं, ताई?”

“तुम्ही गणवेश द्यायला आलात त्याच्या आठ दिवस आधी.”

मामांनी हातातला कप खाली ठेवला. कामावर परत आले ते बाईंना मॅडम म्हणू लागले.

बाई अजून दॅट खोडतात, पण आधी वाक्य दोनदा वाचतात. “‘सेड दॅट’च्या पाठोपाठ वार किंवा तारीख आली तर दॅटला हात लावायचा नाही,” असं टंकलेखिकांना सांगतात. का, असं कुणी विचारलं तर मामांची हकीकत सांगतात. ते आठ दिवसही वगळत नाहीत. तेवढं सांगताना मात्र त्यांची नजर टेबलावरच असते.