पितळी पट्टीवरचं कुंकू

नागोजी राव यांना देवाधर्माचं फारसं वेड नव्हतं, पण देवाचा उपयोग कुठे करून घ्यायचा हे त्यांना अचूक कळायचं.

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात हायड्रोजनपासून वीज बनवण्याचं संशोधन करणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथली गॅसची खोली नागोजींच्या ताब्यात होती. जे. पी. नगरहून दोन बस बदलून ते रोज सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि नळ्यांच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघत बसायचे. हायड्रोजन हा मोठा लबाड गॅस. त्याला वास नाही, रंग नाही, आणि पेटला तर उजेडात ज्योतसुद्धा दिसत नाही. पेटायला त्याला काडीही लागत नाही, नायलॉनचं जाकीट काढताना चट्‌कन उडते तेवढी ठिणगी पुरते. असल्या गॅसच्या संगतीत तीन कंपन्या मिळून नागोजींनी एकतीस वर्षं काढली होती आणि त्यांच्या नावासमोर कधी एक चूकही नोंदली गेली नव्हती. डिसेंबरात ते निवृत्त होणार होते. निरोपाला द्यायच्या चांदीच्या पाटीवर 'एकतीस वर्षे, एकही चूक नाही' असं कोरून घ्यायचं संचालकांनी ठरवलं होतं. ही गोष्ट नागोजींनी बायकोला, हेमावतीबाईंना, इतक्या वेळा सांगितली होती की त्यांनी हॉलमधल्या कपाटात पाटीपुरती जागा करूनही ठेवली होती.

आता देवाचं. गॅसच्या खोलीच्या दाराशी एक पितळी पट्टी होती. अंगात साठलेली वीज जमिनीत उतरावी म्हणून आत जाताना तिला हात लावायचा, एवढा साधा नियम. तो तीन भाषांत लिहून लावला होता. दोन-दोन पदव्या घेतलेली माणसं तो वाचायची, मान डोलवायची आणि हात खिशात घालून सरळ आत जायची. नागोजी चिडले, ओरडले, एकदा तर एका डॉक्टरेटवाल्याचा हात धरून पट्टीवर आपटला. काही उपयोग झाला नाही. मग एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी पट्टीला ठसठशीत कुंकू लावलं, वर एक शेवंतीचं फूल ठेवलं आणि घरी गेले.

सोमवारपासून झाडून सगळे पट्टीला हात लावून तो कपाळाला टेकवू लागले.

एक जण तर आपला शोधनिबंध छापून यावा म्हणून नवस बोलला. निबंध छापून आल्यावर त्याने पट्टीसमोर नारळ ठेवला. नागोजींनी तो गंभीर चेहऱ्याने उचलला आणि घरी नेऊन त्याची चटणी केली. मग त्यांना चवच लागली. "इथल्या देवाला नायलॉन चालत नाही," असं त्यांनी एकदा सहज सांगितलं आणि आठवडाभरात नायलॉनची जाकिटं बाहेरच्या खुंटीवर लटकू लागली. "इथल्या देवाला मोबाईलचा आवाज सोसत नाही," म्हटल्यावर मोबाईलही बाहेर राहू लागले.

जुलैत प्रियदर्शनी आली. पुण्याची मुलगी, वय बत्तीस, सुरक्षा विभागाची प्रमुख. पहिल्याच दिवशी ती पट्टीसमोर उभी राहिली.

"काका, हे काय आहे? धिस इज अ सेफ्टी डिव्हाइस, देव्हारा नाही!"

"मॅडम, हात लावतात का नाही ते बघा."

"लावतात, पण का लावतात ते कुणालाच माहीत नाही."

"माहीत होतं तेव्हा लावत नव्हते ना पण," नागोजी म्हणाले.

प्रियदर्शनी वळली. जाता जाता एवढंच म्हणाली, "एक दिवस ही भक्ती भलतीकडे जाईल, काका." नागोजी मिशीत हसले. पुण्याच्या माणसाला हरवल्याचा आनंद त्यांना दोन बस भरून पुरला.

ऑक्टोबरात आयुधपूजा आली. बंगळूरमध्ये त्या दिवशी नट पिळायच्या पान्यापासून बसपर्यंत सगळ्याची पूजा होते, मग प्रयोगशाळा कशी सुटेल? नागोजींचा बंदोबस्त चोख होता. कोहळा फोडायचा तो फाटकाबाहेर, कापूर लावायचा तोही तिथेच. गॅसच्या खोलीत उदबत्ती नाही, निरांजन नाही, फक्त हळद, कुंकू आणि फुलं. आतली पूजा साफसफाई बघणाऱ्या यल्लाप्पाकडे सोपवली. यल्लाप्पा बेळगावकडचा, पन्नाशीचा, अत्यंत भाविक माणूस.

"यल्लाप्पा, आत काडी ओढायची नाही. बाकी देवाचं नीट कर, काही राहू देऊ नकोस."

"सरी, बरं अण्णा, एक वस्तू सोडत नाही बघा," यल्लाप्पाने छातीवर हात ठेवून सांगितलं.

घरच्या स्कूटरची पूजा खोळंबली होती, म्हणून नागोजी दुपारीच निघाले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खोली उघडली तेव्हा त्यांचं मन प्रसन्न झालं. नळ्यांना झेंडूच्या माळा, प्रत्येक झडपेला हळदीची बोटं. सुट्टीनंतर गॅस सोडण्याआधी ते नेहमी छतालगतचा डिटेक्टर तपासत. हायड्रोजन हलका, गळला की वर जातो, म्हणून त्याचा पहारेकरीही वरच बसवलेला. शिडीवर चढून छोट्या बाटलीतला तपासणीचा गॅस त्याच्या नाकावर सोडायचा आणि अर्ध्या मिनिटात भोंगा वाजतो का बघायचं.

नागोजींनी गॅस सोडला. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, दोन गेली. भोंगा गप्पच.

त्यांनी चष्मा नीट केला. डिटेक्टरच्या बारीक जाळीवर हळदीचा जाड लेप होता, त्यावर मधोमध कुंकवाचा रुपयाएवढा टिळा, आणि सगळं वाळून कडक झालेलं. यल्लाप्पाने खरोखरच एक वस्तू सोडली नव्हती.

"यल्लाप्पा!"

यल्लाप्पा धावत आला. "काय झालं अण्णा?"

"इथे कशाला लावलंस हे?"

"म्हणजे? तुम्हीच म्हणता की या खोलीत देव आहे. मी म्हटलं, सगळ्यात वर बसलाय तोच असणार."

नागोजींनी यल्लाप्पाला चहा आणायला पाठवलं, रुमाल काढला आणि जाळी पुसायला घेतली. ब्रशने कोपरे साफ केले आणि पुन्हा गॅस सोडला. विसाव्या सेकंदाला भोंगा असा कडाडला की शिडी हलली. झालं! रुमाल खिशात गेला. कुणी बघितलं नव्हतं. डिसेंबर दोन महिन्यांवर होता आणि कपाटात पाटीची जागा रिकामी होती. नागोजींनी शिडी घडी करून भिंतीला लावली.

तेवढ्यात वेदिका आली, प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान संशोधिका. पट्टीला हात लावला, कपाळाला टेकवला, आणि हसत म्हणाली, "अंकल, परवा पूजेनंतर मी सातपर्यंत इथेच होते. प्रयोगाचा एक रन पूर्ण करून टाकला. इतकी फुलं, इतकं छान वाटत होतं, मी तर गाणी म्हणत बसले होते."

"गॅस चालू होता?"

"हो ना, चार तास."

नागोजींनी वर डिटेक्टरकडे पाहिलं. ही पोर चार तास आंधळ्या पहारेकऱ्याखाली गाणी म्हणत बसली होती. एखादा जोड सैल झाला असता तर? त्यांना तिथेच रडू येईल असं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

त्यांनी वेदिकाला बाहेर काढलं, खोलीला कुलूप लावलं आणि सरळ प्रियदर्शनीच्या टेबलावर जाऊन तो हळदीकुंकवाचा रुमाल पसरला. सगळं सांगितलं, आधी लपवायला निघालो होतो हेही. तिने पुसलेल्या डिटेक्टरवर न विसंबता नवा मागवला, तो येईपर्यंत गॅस बंद ठेवला, आणि नोंदीचा कागद काढला.

"कारण काय लिहू? यल्लाप्पा?"

"त्याचं नाव आणू नका. द्या इकडे." नागोजींनी स्वतः लिहिलं: 'नागोजी राव यांनी कारण न सांगता लोकांना भक्तीला लावले.' खाली सही केली. मग दाराशी जाऊन पट्टीवरचं कुंकूही त्यांनीच पुसलं.

घरी हेमावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "एकतीस वर्षं एकच टेप वाजत होती. आता स्वल्प दुसरं काही बोलाल," म्हणाल्या, आणि कपाटातल्या पाटीच्या जागेत मसाल्याचे डबे लावून टाकले.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनीने सगळ्यांना एकत्र बसवून ठिणगी म्हणजे काय, पट्टी कशाला, डिटेक्टर कशाला, हे तासभर समजावलं. चित्रफीत दाखवली. सगळ्यांनी माना डोलवल्या. नवा डिटेक्टर बसल्यावर खोली उघडली, आणि ती नागोजींना घेऊन समोरच्या काचेआड चहा पीत मोजायला बसली. पहिल्या चौदा जणांपैकी तिघांनी पट्टीला हात लावला, त्यातला एक यल्लाप्पा. नवसवाला तर हात खिशात घालून आत निघाला होता. तिने उठून त्याला परत पाठवलं.

नागोजींनी चहाचा घोट घेतला. पण त्यांची मिशी हलत होती आणि ते प्रियदर्शनीला दिसत होतं.

तिने कप खाली ठेवला. तरातरा दाराशी गेली, कपाळावरची लाल टिकली काढली आणि पट्टीच्या बरोबर मधोमध चिकटवली. परत येऊन नोंदीचा कागद नागोजींपुढे सरकवला.

"हेही लिहा, काका. तुमच्या नावाखाली माझं नाव घाला."